विचारा तं खरं : हेलिकॉप्टरातून डोंगर पाहायचेत

मागच्या अंकातल्या नेपाळच्या लेखात एकच वाक्य होतं, की पोखऱ्याहून सकाळी हेलिकॉप्टरनं अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन नाश्त्याला परत येता येतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की बाकीचे विषय (गॅस कनेक्शन ट्रान्सफर, गच्चीवरची बाग) पुढच्या महिन्यावर ढकलले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

दिवाळीत आम्ही चौघं नेपाळला चाललोय, मुलं ९ आणि १३ वर्षांची. काठमांडूहून एव्हरेस्ट दाखवणारं विमान आणि पोखऱ्याचं हेलिकॉप्टर यातलं एकच बजेटमध्ये बसते. कोणतं घ्यावं? मिस्टर म्हणतात दोन्ही फालतू खर्च आहे. (धरमपेठ)

मिस्टरांचं म्हणणं ऐकून घ्या आणि हेलिकॉप्टर बुक करा.

विमान वाईट नाहीये, तासाभरात हिमालयाची रांग दाखवून आणतं, हेलिकॉप्टरपेक्षा बरंच स्वस्तही पडतं, आणि ज्याला आयुष्यात एकदा एव्हरेस्ट डोळ्यानं बघायचाच आहे त्यानं तेच घ्यावं. पण ते डोंगरांच्या बाजूनं जातं, आणि हेलिकॉप्टर डोंगरांच्या आत शिरतं. पोखरा समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास आहे. तिथून उडालं की खाली फेवा तलाव, मग भाताच्या पायऱ्या पायऱ्यांची शेतं, दगडी छपरांची गुरुंग लोकांची गावं, मग मोदी खोला नदीची अरुंद दरी आणि दोन्हीकडे इतके उभे कडे की मान वर करून पाहावं लागते, मग जंगल संपतं, गवत संपतं आणि एकदम सगळीकडून बर्फाच्या भिंती असलेल्या वाडग्यात तुम्ही उतरता. ४,१३० मीटर! हे सगळं वीसेक मिनिटांत. पायी ट्रेक करणाऱ्यांना जाऊन यायला आठवडाभर लागतो.

मुलांना जायच्या आधी दोन गोष्टी सांगून ठेवा म्हणजे ते नुसते फोटो काढत बसणार नाहीत. समोरचा अन्नपूर्णा-१ हा ८,०९१ मीटरचा. आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरांपैकी माणूस पहिल्यांदा चढला ते हेच, ३ जून १९५० ला, मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघं फ्रेंच, म्हणजे एव्हरेस्टच्याही ३ वर्षं आधी. आणि दुसरा माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. १९५७ ला एक ब्रिटिश तुकडी त्याच्या माथ्याच्या अगदी जवळ जाऊन मुद्दाम थांबली, कारण तो तिथल्या लोकांसाठी पवित्र आहे, आणि त्यानंतर चढाईची परवानगीच बंद. एवढं माहीत असलं की वर उतरल्यावर मिळणारी ती दहा-पंधरा मिनिटं नुसती सेल्फीत जात नाहीत.

आता खरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही पाठवलेल्या आयटिनररीत हेलिकॉप्टर शेवटच्या दिवशी टाकलंय ("सकाळी हेली टूर, दुपारी काठमांडूकडे प्रयाण"). ते पहिल्या सकाळी घ्या. ढग आले तर दुसरी सकाळ, नाहीतर तिसरी. ही हेलिकॉप्टरं डोळ्यानं बघून उडतात, म्हणजे पायलटला दरी आणि डोंगर दिसलेच पाहिजेत, ढगात शिरून अंदाजानं पलीकडं निघायचा प्रकार तिथं नसतो आणि नसावाच. सकाळी हवा शांत असते, ऊन चढलं की दरीतून वारं वर चढायला लागतं, त्यासोबत ढगही चढतात, आणि सकाळी स्वच्छ असलेलं शिखर दुपारपर्यंत बहुतेकदा गायब. म्हणून पहिली फेरी मागा, उठायचा कंटाळा असला तरी. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा काळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणारे विचारतात म्हणून सांगतो, एप्रिलमध्ये वणवे आणि धूळ यांनी पोखऱ्याची हवा कधी कधी इतकी धुरकट होते की फेवाच्या काठावरून डोंगर आहे की नाही तेच समजत नाही, आणि जून ते सप्टेंबर पाऊस.

कागदपत्रांचं राहिलंच. विमानानं नेपाळला जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, व्हिसा लागत नाही. नुसत्या आधारवर विसंबून दिल्लीच्या काउंटरवर जाऊ नका.

एजंट म्हणतो वेदर खराब झालं तर पैसे परत नाहीत, दुसरी तारीख मिळेल. आमची दुसऱ्या दिवशीची फ्लाइट आहे. हे बरोबर आहे का? (मनीषनगर)

नाही. म्हणजे कायद्याचं मी बोलत नाही, व्यवहाराचं बोलतोय. हवामानामुळं कंपनीनंच उडायला नकार दिला तर दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय ते तुम्ही ठरवणार, असं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. एजंटनं नाही म्हटलं तर दुसरा एजंट. सोबत हेही विचारून घ्या की रेट सीटचा आहे की पूर्ण हेलिकॉप्टरचा, आणि सीटचा असेल तर किती सीटा भरल्यावर उडणार, कारण "आज लोकंच नाहीत, उद्या पाहू" हे कारण ढगांपेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळतं आणि त्याचा हवामानाशी काही संबंध नसतो. "लँडिंगसह" लिहिलंय का तेही पाहा. नुसत्या चक्करचा रेट सांगून वर उतरायचे पैसे वेगळे मागणारे असतात.

आणि अजून एक, पायलट नाही म्हणाला की तिथं वाद घालायचा नाही. आम्ही नागपूरहून आलो, सुट्टी संपली, पैसे भरले, हे सगळं त्याला सांगून काय होणार आहे. आग्रह करून त्याला वर पाठवण्याइतका वाईट सौदा दुसरा नाही.

आईवडिलांना केदारनाथला हेलिकॉप्टरनं पाठवायचं आहे, दर्शन पण होईल आणि वरून हिमालय पण दिसेल. फेसबुकवर एका पेजवर स्वस्तात तिकीट दिसून राहिलं. घ्यावं का? (मानेवाडा)

थांबा भाऊ, पैसे टाकले नसतील तं टाकूच नका.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा या वेबसाइटवरच मिळतात, आणि त्याआधी चारधामचं रजिस्ट्रेशन करावं लागतं. फेसबुक पेज, गुगलवर वर आलेली जाहिरात, "सर कन्फर्म करून देतो, क्यूआर पाठवतो" म्हणणारा गोड आवाज, हे सगळं फसवणुकीचं जुनं दुकान आहे, दर सीझनला नव्या नावानं उघडतं. कोणी ऑलरेडी पैसे टाकले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे परत मिळायची आशा कमी.

दुसरं म्हणजे ही सैर नाहीये. फाटा, सिरसी किंवा गुप्तकाशीहून वर नेऊन सोडणारी ती शटल आहे, फाट्याहून तर दहाएक मिनिटांत वर. दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी, फेऱ्यामागून फेऱ्या, अरुंद दरी, आणि हवामान मिनिटात बदलणारं. २०२५ च्या जूनमध्ये भल्या सकाळी गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून त्यातले सातही जण गेले, त्यात आपल्या विदर्भातले लोक होते, हे इथं कोणी विसरलेलं नाही. आधी सकाळचं सांगितलं आणि आता हे, असं वाटेल, तर सकाळ म्हणजे स्वच्छ आकाश नव्हे, एवढंच. दरीत ढग भरलेला असेल तर सकाळचे सहा काय आणि दुपारचे दोन काय.

माझं मत विचाराल तर, गुडघ्यांमुळं चढणं जमतच नसेल तर दर्शनासाठी हेलिकॉप्टर घ्या, जरूर घ्या, पण मे-जूनच्या रेटारेटीत नको, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटापासून भाऊबीजेला कपाट बंद होईपर्यंतच्या काळात घ्या, आणि दोन दिवस हाताशी ठेवा. हिमालय पाहण्यासाठी म्हणून घेऊ नका. त्या दहा मिनिटांत आई डोळे मिटून जप करत असेल आणि बाबा सीटबेल्ट धरून बसलेले असतील.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे, मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांची फार इच्छा आहे पोखऱ्याची. नेऊ का? (प्रतापनगर)

डॉक्टरांना विचारून न्या, पण विचारताना "हेलिकॉप्टरनं जाऊ का" असं मोघम विचारू नका ताई, डॉक्टर म्हणतील जा. असं विचारा: "८०० मीटरवरून वीस मिनिटांत ४,१०० मीटरवर जाऊन पंधरा मिनिटं थांबून परत, चालेल का?" तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. उंचीचा जो नेहमीचा त्रास, डोकेदुखी, मळमळ, तो चढायला काही तास लागतात, त्यामुळं पंधरा मिनिटांच्या मुक्कामात बहुतेकांना काही होत नाही. पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर कमी ऑक्सिजन लगेच जाणवतो, तिथं तास-बिस लागत नाहीत. बीपी कंट्रोलमध्ये असेल तर डॉक्टर बहुधा हो म्हणतील, पण ते त्यांना म्हणू द्या, मला नको.

मोतिबिंदूचं ऑपरेशन जुनं असेल तर सहसा अडचण नसते. पण डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल आणि डॉक्टरांनी आत गॅसचा बुडबुडा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत उंचीवर अजिबात जायचं नाही, विमान नाही, हेलिकॉप्टर नाही, चिखलदऱ्याचा घाटही विचारूनच. वर दाब कमी झाला की तो गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढतो की नजर जाऊ शकते.

वर उतरल्यावर घाई करू देऊ नका. हळू चालायचं, वाकून बुटाची लेस बांधायची नाही, जय अंबे म्हणून धावत बर्फ उचलायला जायचं नाही. हेलिकॉप्टरात ऑक्सिजनचा सिलेंडर आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

हेलिकॉप्टरचं एकच इंजिन वरती बंद पडलं तर? खाली पडतं का सरळ? मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या सरांनी "ऑटोरोटेशन" एवढं सांगून विषय बंद केला. (हिंगणा रोड)

बरं झालं विचारलं, या अंकातला माझा आवडता प्रश्न.

इंजिन बंद पडलं की पायलट पहिल्यांदा पात्यांचा कोन कमी करतो. हेलिकॉप्टर खाली यायला लागतं, खालून वर येणारी हवा पात्यांतून जाते आणि जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी पाती त्या हवेनंच फिरत राहतात. म्हणजे उंची खर्च करून पात्यांचा वेग टिकवायचा. जमीन जवळ आली की पायलट नाक वर करून वेग मारतो, मग कोन परत वाढवतो, पात्यांत साठलेली ताकद एकदाच वापरून घेतो आणि टेकतो. याचा सराव प्रत्येक पायलटला करावाच लागतो. अट एवढीच की हाताशी उंची किंवा वेग पाहिजे आणि खाली सपाट जागा पाहिजे, आणि डोंगरात सपाट जागेचीच बोंब असते. खरा धोका तिथं आहे. पण डोंगरातले अपघात म्हटलं की इंजिनापेक्षा मला ढगाचं आणि घाईचं भय जास्त वाटतं.

एक किस्सा सरांना सांग. २१ जून १९७२ ला ज्यां बुले नावाच्या फ्रेंच पायलटनं लामा हेलिकॉप्टर १२,४०० मीटरच्या वर नेलं. तिथं इंजिन विझलं आणि परत चालूच झालं नाही, तर तो तेवढ्या उंचीवरून पूर्ण ऑटोरोटेशननं खाली आला, धडधाकट. त्याच लामाला आपल्याकडं एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) 'चीता' म्हणून बनवायची, सियाचेनला जवानांना सामान पोचवणारं ते हेच. आणि १४ मे २००५ ला दिदिए देलसाल यानं एएस ३५० बी-३ जातीचं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं, पावणेचार मिनिटांच्या वर तिथं ठेवलं. नेपाळमध्ये टुरिस्टांना नेणारं एच १२५ म्हणजे त्याच घराण्यातलं.

आता तुझ्यासाठी होमवर्क. हवा तापली की पातळ होते, पातळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते. नागपूर ३१० मीटरवर आहे, पण मे महिन्यात ४५ डिग्रीला इथली हवा हेलिकॉप्टरच्या दृष्टीनं साधारण १,५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ असते. चिखलदरा ११०० च्या आसपास. म्हणजे भर उन्हात सोनेगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर कागदावर चिखलदऱ्याच्याही वर उभं आहे! गणित करून पाहा, स्टँडर्ड टेंपरेचरपासून (त्या उंचीला पुस्तकात धरलेलं तापमान) वरच्या एका डिग्रीला १२० फूट धर.

माझं वजन १०४ किलो आहे. घेतील का? सगळ्यांसमोर वजन करतात म्हणे, लाज वाटते. (नंदनवन)

घेतात. वजन सगळ्यांचंच करतात, बारक्यांचंही, कारण किती लोक आणि कोण कुठं बसणार ते त्यावरून ठरतं. वरच्या उत्तरात लिहिलं तसं उंचीवर उचल कमी, त्यामुळं २० किलोनंही फरक पडतो. एव्हरेस्टच्या बाजूला काला पत्थरला नेताना तर खालच्या एखाद्या ठिकाणी अर्धे लोक उतरवून दोन-दोन, तीन-तीन करून वर नेतात. काही ठिकाणी ठरावीक वजनाच्या वर जास्तीचे पैसे लागतात, तेवढं आधी विचारा. आणि फॉर्मवर खरं वजन लिहा दादा. बायकोपासून लपवा, पायलटपासून नको. पुढची सीट हवी म्हणून भांडायचं नाही, तिथं कोण बसणार ते ग्राउंड स्टाफ ठरवतो.

स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरमध्ये युंगफ्राउ रेल्वे इन्क्लुडेड आहे आणि हेलिकॉप्टर ऑप्शनल. दोन्ही करायचं का? (सिव्हिल लाइन्स)

रेल्वे करा. १९१२ पासून चालू आहे, आयगर डोंगराच्या पोटातून बोगद्यानं ३,४५४ मीटरवर नेते आणि वर हवं तितका वेळ थांबता येतं. हेलिकॉप्टर घ्यायचंच असेल तर ग्रुपवाल्यांना विचारा की रूट काय. नुसती इंटरलाकेनच्या डोक्यावर चक्कर असेल तर सोडून द्या. थुन आणि ब्रिएन्झ ही दोन्ही तळी, मग आयगर, म्योंख, युंगफ्राउ आणि मागची आलेच हिमनदी असा रूट असेल तर मात्र घ्या, कारण आल्प्समधली ती सगळ्यात लांब हिमनदी, वीस किलोमीटरच्या वर, रेल्वेच्या टोकावरून तिचा एक तुकडाच दिसतो. ब्रिएन्झचं पाणी वरून असं हिरवट निळं दिसतं की कोणी रंग टाकला असं वाटावं. हिमनदी खडक दळत खाली येते, ते दगडाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यामुळं तो रंग. बर्फावर उतरवणारी टूर थोडी महाग पडते, आणि तिथं सरकारनं ठरवून दिलेल्या जागांवरच उतरता येतं, "भाऊ जरा तिकडं घ्या ना" चालत नाही.

फोटो चांगले यायला काय करावं? मागच्या वेळी सगळ्या फोटोत माझाच पांढरा कुर्ता काचेत दिसून राहिला होता. (सदर)

उत्तर प्रश्नातच आहे, गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा, पिवळा, चमकणारा कुठलाच नको, ते सगळं काचेत येतं. फ्लॅश बंद. कॅमेरा काचेच्या जवळ धरा पण टेकवू नका, कोपरही दाराला टेकवू नका, सगळी थरथर फोटोत उतरते. शटर स्पीड १/१००० च्या आसपास ठेवा. पोलरायझर फिल्टर असेल तर काढून टाका, हेलिकॉप्टरच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यातून फोटोत इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. पायलट बहुतेक हेलिकॉप्टरांत उजवीकडं बसतो, तेव्हा डावीकडची सीट मिळाली तर नशीब.

आणि सेल्फी स्टिक. ती घरी ठेवा! पाती फिरत असताना हात वर करणं म्हणजे जिवाशी खेळ. टोपी उडाली तर उडू द्या, तिच्यामागं पळायचं नाही. ओढणी, पदर, मफलर आत खोचून घ्या. पायलटला दिसेल असं पुढून किंवा बाजूनं जायचं, शेपटीकडं कधीच नाही, तिकडचा छोटा पंखा फिरताना डोळ्याला दिसतच नाही. जमीन उतरती असेल तर उताराच्या खालच्या बाजूनं जायचं, वरच्या बाजूला पाती डोक्याच्या लेव्हलला येतात.

आपल्या नागपूरला असं काही करता येणार नाही का? अंबाझरी, फुटाळा, खिंडसी, तोतलाडोह, वरून किती भारी दिसेल! (रामदासपेठ)

दिसेल भारी, यात वाद नाही. पावसाळ्यानंतर रामटेकच्या गडाच्या बाजूनं खिंडसी आणि पुढं सातपुड्याच्या टेकड्या, मला स्वतःला ते पाहायला आवडेल. पण तोतलाडोह पेंचमध्ये आहे, आणि वाघाच्या जंगलावर दिवसभर घरघर करत हेलिकॉप्टरं फिरवायची कल्पना मला तरी पटत नाही, कोणी कितीही पर्यटनविकास म्हणो. उन्हाळ्याचं गणित वर दिलंच आहे. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढ्यात गडावर चढून जा, खिंडसी तिथूनही दिसते.

मुलाला बसमध्ये उलटी होते. हेलिकॉप्टरात? (कामठी)

घाटातल्या बसइतकी नाही होत सहसा, कारण खिडकी मोठी असते आणि बाहेर दूरवर बघता येतं. मोबाइलमध्ये मान घालून बसला तर मात्र होणार. रिकाम्या पोटी नेऊ नका, तर्री पोहे खाऊनही नेऊ नका, दोन बिस्किटं किंवा केळं पुरे. उलटीची गोळी मुलाच्या वयाप्रमाणं डॉक्टरांना विचारून, अर्धा-एक तास आधी. हेडफोन देतात तो त्याला नीट बसतोय का पाहा, आवाज जोरात असतो.

वर बेस कॅम्पला खायला काय मिळतं? पोळी-भाजीचा डबा नेला तर चालेल का? (महाल)

चहा आणि साधा नाश्ता मिळतो, ट्रेकवाल्यांची लॉज आहेत तिथं. पण पंधरा मिनिटांत डबा उघडून, वाढून, खाऊन, डबा धुऊन वगैरे काही होत नाही हो काकू, आणि त्या डब्याचंही वजन होतं. डबा हॉटेलवर ठेवा, साडेआठ-नऊला परत आल्यावर खा.